चाकरमान्यांची ट्रंक आणि आपली पिशवी



गेल्या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली आणि मग खऱ्या गप्पा सुरू झाल्या. आमचा अकरा जणींचा गट तीन दिवस मुंबईला जाणार आहे. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचं दर्शन, दादरचा समुद्र, राणीची बाग असा बेत ठरलाय. गाडीचं ठरलं, राहण्याचं ठरलं. मग एकीने विचारलं, "साड्या किती घ्यायच्या?" कोणी म्हणाली पाच, कोणी म्हणाली सात, कारण रोज सकाळी एक आणि फोटोसाठी संध्याकाळी दुसरी. तेवढ्यात कोपऱ्यातून एक काकी हळूच म्हणाल्या, "मी नाही येत गो. तुम्ही जावा."

बैठक संपल्यावर मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेले. कारण विचारलं तर आधी गुडघा म्हणाल्या, मग म्हैस म्हणाल्या. शेवटी दारात आल्यावर खरं बोलल्या, "बाहेर नेसण्यासारख्या दोनच साड्या आहेत माझ्याकडे. तीन दिवस मुंबईत काय नेसू?"

त्या रात्री मला माझ्या आत्याची ट्रंक आठवली. आजची ही गोष्ट त्या ट्रंकेची आहे आणि ती घेऊन प्रवास केलेल्या माणसांची आहे. गोष्ट जुनी आहे, पण आपल्या पिशवीशी तिचा जवळचा संबंध आहे.

आत्या लग्न होऊन प्रभादेवीला गेली. आज तुम्ही प्रभादेवीला गेलात तर मान वर करून बघावे लागतील असे टॉवर दिसतील. पण हा सगळा पट्टा, प्रभादेवी, परळ, लालबाग, वरळी, म्हणजे गिरणगाव. प्रभादेवीत स्टँडर्ड मिल होती, शेजारी वरळीला सेंच्युरी मिल होती. आता ज्या स्टेशनला प्रभादेवी म्हणतात त्याचं नाव २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली आणि नंतरच्या शंभर वर्षांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून, साताऱ्यातून, कोल्हापुरातून, पुण्याच्या मावळातून लाखो माणसं तिथे पोटासाठी गेली. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, तोही रत्नागिरीतच होता. या माणसांना आपण चाकरमानी म्हणतो.

चाकरमान्याकडे किती कपडे असायचे? जेवढे एका पत्र्याच्या ट्रंकेत मावतील तेवढे. कारण मुंबईत त्याची जागाच तेवढी होती. सरकारने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या. त्यातली एक खोली १६० चौरस फुटांची. आपल्या गावातली मधली खोली यापेक्षा मोठी असते. अशा एकेका खोलीत एका गावचे वीस-वीस, तीस-तीस पुरुष राहायचे. एक पाळी कामावर, एक पाळी झोपलेली. भिंतीला एक खुंटी आणि भिंतीकडेला एक ट्रंक, एवढाच प्रत्येकाचा संसार. ट्रंकेच्या झाकणावर रंगाने नाव, गाव, पोस्ट, तालुका लिहिलेलं असायचं. तुमच्यापैकी कितीजणींच्या माळ्यावर अशी ट्रंक अजून आहे, जरा आठवून बघा.

आता सुट्टीचं बघू. सुट्टीला जायला आधी सुट्टी असावी लागते आणि ती कोणी आयती दिली नाही. सुरुवातीला गिरण्या उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चालायच्या आणि आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता. सणावाराला गिरणी बंद असेल तेवढीच विश्रांती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांना एकत्र केलं. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या चौकशी मंडळापुढे गेला. मागणी काय, तर आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा झाली. मैत्रिणींनो, त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. १८९० साली, दहा हजार माणसांपुढे! आपल्याला ग्रामसभेत उठून बोलताना अजून पाय कापतात. त्यानंतर १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपली पोरं रविवारी शाळेला जात नाहीत आणि ते आपल्याला सहज वाटतं. पण कामगाराला तो रविवार असा मागून घ्यावा लागला.

पगारी रजा यायला आणखी बराच काळ गेला. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा मिळू लागली. त्याआधी गावी जायचं म्हणजे पगारावर पाणी सोडायचं आणि आपल्या जागी बदली कामगार लागणार हा घोर मनात घेऊन जायचं. तरी माणसं जायची. एप्रिल ते जून गिरण्यांत गैरहजेरी वाढायची, कारण तेव्हा गावाला लग्नं असायची, घरं शाकारायची असायची, भाजावळ आणि पेरणी असायची. म्हणजे ही सुट्टी आरामाची नव्हतीच. एकाच मुक्कामात लग्नात मिरवायचं, शेतात चिखलात उतरायचं, देवळात जायचं आणि कोणी वारलं असेल तर भेटायलाही जायचं. या सगळ्यासाठी कपडे तेच, त्या एका ट्रंकेतले.

आणि ट्रंक भरताना प्रवासाचाही विचार करावा लागायचा. घाटावरच्या माणसांना रेल्वे होती. कोकणातली माणसं समुद्राने जायची. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्याकडे जायची. बऱ्याच बंदरांत बोट काठाला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची. एका काखेत मूल, दुसऱ्या हातात गाठोडं, खाली हलणारा पडाव. किनाऱ्याजवळ आल्यावर पुन्हा पाण्यात उतरून चालायचं आणि पुढे गावापर्यंत डोंगरातून कोसभर पायपीट. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. अशा प्रवासात जास्तीची एक साडी म्हणजे डोक्यावर जास्तीचं ओझं. नंतर एसटी आली, ट्रंका लाल गाडीच्या टपावर चढल्या. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ साल उजाडलं.

मग या बायका काय न्यायच्या? आत्या सांगायची, अंगावर एक, दांडीवर एक आणि ट्रंकेत एक. अंगावरचं लुगडं प्रवासाचं, गडद रंगाचं, मळ न दिसणारं. दुसरं धुऊन वाळत घातलेलं. आणि तिसरं चांगलं, काठापदराचं, ते लग्नाला, पूजेला आणि ओटी भरायला.

नऊवारी लुगड्याकडे नीट बघा. आठ मीटरच्या वर लांब कापड. काष्टा घट्ट मारून वर खोचलं की लावणीला चिखलात उतरता येतं. तेच खाली सोडून पदर डोक्यावर घेतला की देवळात, समारंभात चालतं. ओच्यात शेंगा, भाजी, पैसे राहतात. पदराची चुंबळ होते, उन्हात सावली होते, रडणाऱ्या पोराचं तोंड पुसता येतं. जुनं लुगडं दोरीला बांधलं की बाळाची झोळी होते. बोटीवर थंडी वाजली की तेच पांघरूण. चार टोकं बांधली की गाठोडं. आणि अगदी विरलं की त्याची गोधडी शिवली जाते, म्हणजे पुन्हा प्रवासात वळकटीत तेच बरोबर असतं. पुढे गाठ मारायची चोळी होती, ती बाळंतपणाआधीही बसायची आणि नंतरही. हूक तुटायचा प्रश्न नाही, मापाचा प्रश्न नाही.

गिरणीतल्या बायकाही याच लुगड्यात काम करायच्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर, त्या जास्त असायच्या. लुगडं घट्ट खोचलेलं असलं की हात मोकळे राहायचे. कामाचा वेश, सणाचा वेश आणि प्रवासाचा वेश यांत फरक फक्त नेसण्याचा होता. कापड तेच.

पोरांच्या कपड्यांचंही गणित होतं. दिवाळीला एक तागा आणायचा आणि त्यातून सगळ्यांना शिवायचं. मुलांना सदरे, मुलींना झगे, उरलेल्या तुकड्याची पिशवी. सगळं वाढत्या अंगाचं. मोठ्याचं धाकट्याला यायचं. एकाच कापडाचं असल्यामुळे कोणाचं काय कशावर जातं हा प्रश्नच उरत नसे. मी कॉलेजात असताना आम्ही या एकसारख्या कपड्यांच्या फोटोंना हसायचो. आता कळतं की त्यात किती विचार होता.

हल्ली शहरातल्या मुली याला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. म्हणजे मोजकेच कपडे, पण असे निवडलेले की एक दुसऱ्याशी जुळेल आणि थोड्यातून पुष्कळ जोड होतील. ही कल्पना लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सुझी फॉ यांनी १९७० च्या दशकात लोकांसमोर मांडली. १९८५ साली न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच बाजारात आणला आणि तो फार गाजला. चांगली गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही. त्यांच्याकडे कपाटं गच्च भरली होती, म्हणून त्यांना कमी करायचं शिकावं लागलं. आपल्या आज्यांकडे कपाटच नव्हतं. त्यांनी तेच शास्त्र गरजेपोटी शोधलं आणि गरिबीतलं म्हणून त्याचा कधी गवगवा झाला नाही.

नंतर कापड बदललं. सुती नऊवारीच्या जागी गोल साडी आली, मग नायलॉन आणि टेरिलीन आलं. धुतलं की दोन तासांत वाळतं, इस्त्री नको, घडी चिमूटभर. प्रवासाला याच्यासारखं सोयीचं काही नाही. पण याच काळात मुंबईच्या सुती गिरण्या मागे पडत गेल्या आणि यंत्रमागावरचं स्वस्त कापड पुढे आलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळांना पुन्हा काम मिळालंच नाही. माझे आतोबा त्यांतलेच. वर्षभर वाट बघून ते ट्रंक घेऊन गावी आले. सुट्टीला येणारी ट्रंक त्या वेळी परत न जाण्यासाठी आली.

ट्रंकही बदलली. १९७१ साली व्हीआयपी कंपनी सुरू झाली आणि प्लास्टिकच्या हलक्या सुटकेसी घरोघरी पोचल्या. या कंपनीचं कार्यालय कुठे आहे माहीत आहे? जुन्या प्रभादेवी रोडवर. ज्या भागात माणसं पत्र्याच्या ट्रंकेवर बसून जेवली, तिथूनच देशभर सुटकेसींचा कारभार चालतो. अमेरिकेत १९७२ साली बर्नार्ड सॅडो यांना चाकाच्या बॅगेचं पेटंट मिळालं. ओझं वाहणं सोपं झालं आणि आपण ओझं वाढवलं.

आता आत्याच्या ट्रंकेकडे येते. ती थकली तेव्हा तिने ट्रंक मला दिली. उघडली तर डांबरगोळ्यांचा वास, तळाला जुना पेपर. मी एकेक काढत गेले. आतोबांचा कोट, त्यांचं धोतर, तीन सदरे. मुलांचे कपडे. सासूबाईंसाठी आणलेलं, कधी न नेसलेलं पातळ. दिरासाठी टॉवेल. भावजयीसाठी दोन खण. सगळ्यात तळाला तिच्या दोन साड्या.

मी विचारलं, "आत्ये, तुझं एवढंच?"

ती म्हणाली, "मला कशाला लागतं? गावी आल्यावर मी चुलीपुढेच असायची. तुझे आतोबा सुट्टीला यायचे. मी घर बदलायची."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. थोडक्यात भागवायचं शहाणपण आत्याकडे होतं, पण ट्रंकेत वाचलेली जागा तिच्यासाठी नव्हती. तिथे सासरचे, माहेरचे, शेजारचे सगळे येऊन बसले आणि तिच्या वाट्याला तळ आला. मुंबईत खाणावळ चालवणाऱ्या बायकांचं तर त्याहून अवघड. दोन वेळा डबे असलेल्या बाईने गावी जायचं कसं? जेवणाऱ्यांनी काय करायचं? अशाच खाणावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या कितीतरी आधी. कामगारांना १८९० मध्ये रविवार मिळाला, पण घरच्या चुलीला रविवार कोणी दिला नाही. तो आपला आपणच घ्यायचा आहे. आमची सहल म्हणजे तेच आहे, तीन दिवसांचा रविवार.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी काकींकडे गेले आणि म्हटलं, "तुमच्या दोन्ही साड्या दाखवा." एक गडद हिरवी, एक मोतिया रंगाची, लाल काठाची. मी म्हटलं, "काकी, आत्याचा हिशेब लावला तर तुमचं सगळं तयार आहे." तो हिशेब मी गटातही सांगितला, तुम्हालाही सांगते.

तीन दिवसांना तीन साड्या पुष्कळ झाल्या, अंगावरची धरून. दोन असतील तरी भागतं. प्रवासाला गडद आणि पटकन वाळणारी. मुक्कामी पोचल्यावर रात्री धुऊन टाकायची, सकाळी तयार. दर्शनाला काठाची. तिसरी अशी की दोन्हींमधलं कुठलंही पोलकं तिच्यावर जाईल. पोलकी निवडताना काळं किंवा मरून घ्या, ते बहुतेक साड्यांवर चालतं. परकर एकाच गडद रंगाचे. चप्पल एकच, पायात रुळलेली. नवी चप्पल मुंबईत घालून चालायचा हट्ट करू नका, पहिल्याच दिवशी फोड येतील. साड्या सपाट घडी न घालता गुंडाळल्या तर कमी जागेत बसतात आणि चुरगळतही नाहीत. एक जुनी सुती साडी पूर्ण गटात मिळून एक घ्या. ती अंथरायला, पांघरायला, आडोशाला उपयोगी पडते. औषधं, आधार कार्ड आणि पाळीचे पॅड हाताशी, वरच्या कप्प्यात. पैसे दोन ठिकाणी विभागून.

शेवटचा नियम आमच्या गटाने ठरावच करून वहीत लिहिला आहे. प्रत्येकीच्या पिशवीत फक्त तिचे कपडे असतील. जाताना कोणासाठी डबे नाहीत, नातेवाइकांची पार्सलं नाहीत. आणि पिशवी अर्धी भरल्यावर थांबायचं. मोकळ्या जागेत येताना प्रत्येकीने एक वस्तू आणायची, ती स्वतःसाठी. मुलांसाठी नाही, सासूबाईंसाठी नाही. ठराव मांडला तेव्हा सगळ्या हसल्या, पण विरोध कोणी केला नाही.

आम्ही ज्या सिद्धिविनायकाला जाणार आहोत, ते देऊळ १८०१ साली बांधलं गेलं. बांधणारे लक्ष्मण विठू, पण पैसे माटुंग्याच्या देऊबाई पाटील यांचे. एका बाईने स्वतःच्या पैशाने उभं केलेलं देऊळ बघायला आम्ही स्वतःच्या बचतीतून जाणार आहोत. हे सांगितलं तेव्हा काकी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मोतिया साडीचा काठ उसवलाय. तेवढा शिवून घेते."

त्यांचं नाव मी यादीत लिहिलं आहे. अकरावं.

तुमचा गट सहलीला निघाला आणि एखादी कोपऱ्यातून "मी नाही येत" म्हणाली, तर तिच्याबरोबर घरापर्यंत चालत जा आणि खरं कारण विचारा.